झडती, कलगी आणि तुरा

श्रावणी अमावास्येला यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावी पोळा भरतो. पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगरमाळा अशा थाटात सजविलेल्या बैलजोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. तोरण तुटते आणि बैल घरोघरी पूजेसाठी निघतात. पण त्यापूर्वी वऱ्हाडात आणि शेजारच्या वर्धा-नागपूरकडे एक सोहळा होतो, ज्याला आपल्या वाङ्मयेतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. तो म्हणजे झडत्यांचा सामना. एका बाजूचा शेतकरी उंच स्वरात यमकबद्ध ओळी म्हणतो. त्या संपतात न संपतात तोच दुसऱ्या बाजूने उत्तर येते. कधी त्यात पुराणातील कथेचा धागा असतो, कधी प्रतिपक्षाच्या बैलाची थट्टा, कधी सावकाराला चिमटा. आणि अलीकडच्या वर्षांत कापसाचा भाव, कर्ज व नापिकी यांचीही कैफियत असते. टोला कितीही तिखट असला तरी झडतीचा शेवट ठरलेला आहे. गौरा-पार्वतीला नमन होते, महादेवाचा गजर होतो आणि त्या गजरात दोन्ही बाजूंचे आवाज मिसळतात.

भांडणाचा शेवट एका समान नमनात व्हावा, ही कल्पना वरवर साधी वाटते. वस्तुतः तिच्यामागे काही शतकांची परंपरा उभी आहे. कल्पनेने विश्व उभारणारी माणसे एकमेकांशी स्पर्धा करतात, एकमेकांकडून कल्पना घेतात, आणि तरीही (किंबहुना म्हणूनच) त्यांची मैत्री टिकते. असे केव्हा घडते आणि केव्हा घडत नाही, हा प्रश्न केवळ लोककलेच्या अभ्यासकांचा नाही. श्रद्धेच्या क्षेत्रात वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना तो अधिकच जवळचा आहे.

या परंपरेचे सर्वांत विकसित रूप म्हणजे कलगी-तुरा. तिच्या उगमाविषयी मध्य भारतात एक आख्यायिका सांगितली जाते. तुकनगीर नावाचा एक हिंदू गोसावी आणि शाह अली नावाचा एक मुसलमान फकीर हे दोघे चंदेरीच्या दरबारात काव्यातून अध्यात्माचा वाद घालू लागले. वाद रंगला, पण कोणीच हरेना. तेव्हा प्रसन्न झालेल्या राजाने आपल्या शिरोभूषणातील तुरा एकाला व कलगी दुसऱ्याला दिली. तुकनगीराचा पक्ष तुरेवाल्यांचा झाला आणि शाह अलीचा कलगीवाल्यांचा. आख्यायिकेला इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु समाज आपल्या आख्यायिकांतून स्वतःचा आदर्श सांगत असतो, हे लक्षात घेतले तर या कथेचे मोल कळते. येथे दोन धर्मांचे दोन साधक समोरासमोर बसले आहेत. दोघांचा सन्मान एकाच मुकुटातून झाला आहे. आणि पराभूत असा कोणी नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा शाहिरांच्या फडांत रुजली. तुरेवाले शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे कैवारी. कलगीवाले शक्तीचे, म्हणजे प्रकृतीचे किंवा मायेचे. कोकणात तर या प्रकाराला ‘शक्ती-तुरा’ असेच नाव पडले आहे. आधी कोण, पुरुष की प्रकृती, हा वादाचा मूळ प्रश्न. निर्गुण ब्रह्म जर निष्क्रिय, तर सृष्टी कोणी रचली, असे कलगीवाला विचारणार. मायेला अधिष्ठान कोणाचे, असा तुरेवाला प्रतिप्रश्न करणार. हे प्रश्न ‘भेदिक’ रचनांतून, म्हणजे कूटांतून टाकले जात. रामायण-महाभारत, पुराणे, सांख्य आणि वेदान्त यांतून गोळा केलेले असंख्य तपशील त्यांत गुंफलेले असत. डफ, तुणतुणे आणि झिलकऱ्यांची साथ यांच्या बळावर हा सामना रात्रभर चाले, आणि निरक्षर श्रोताही पहाटेपर्यंत तत्त्वज्ञानाचा रस चाखत बसे.

एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कलगीचा शाहीर शक्तीची बाजू मांडतो म्हणून तो घरी शिवाचे नाव घेत नसे, असे नाही. फडावर उभा राहिल्यावर तो एक भूमिका घेतो. त्या रात्रीपुरता तो शक्तीचा वकील असतो. तिच्या दृष्टीने विश्वाकडे पाहतो. तिच्या मुखाने बोलतो. श्रद्धा पणाला लागत नाही, पणाला लागतात व्यासंग, प्रतिभा आणि हजरजबाबीपणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून थोरांच्या जगाची हुबेहूब नक्कल करतात. भूमिका घेऊन जग समजून घेण्याची मानवी मनाची जी ओढ मुलांच्या त्या खेळात दिसते, तिचेच प्रौढ व प्रगल्भ रूप म्हणजे कलगी-तुरा होय.

पूर्व विदर्भात हा वारसा खडी गंमतीने सांभाळला. दोन शाहिरांच्या सामन्याला तेथे ‘दुय्यम’ म्हणतात. एका शाहिराने एकट्याने रात्र रंगविण्यापेक्षा दुय्यम पाहायला गर्दी अधिक. प्रतिस्पर्धी असल्याशिवाय आपली कला पूर्ण होत नाही, हे त्या शाहिरांना पक्के ठाऊक असते.

या स्पर्धेचे एक अलिखित शास्त्र होते. पहिला नियम असा की उत्तर देण्यासाठी प्रतिपक्षाचे ज्ञान प्रतिपक्षाइतकेच हवे. कलगीवाल्याला तुरेवाल्याची सारी शास्त्राधारे पाठ असावी लागत, आणि तुरेवाल्याला कलगीवाल्याची. अज्ञानातून उपहास करता येतो, उत्तर देता येत नाही. दुसरा नियम नाममुद्रेचा. रचनेच्या शेवटी कवीचे, कित्येकदा त्याच्या गुरूचेही नाव गुंफलेले असे. त्यामुळे कल्पना एका फडातून दुसऱ्या फडात गेली, चाल उचलली गेली, विषय उसना घेतला गेला, तरी ऋण कोणाचे हे विसरले जात नसे. तिसरा नियम सामन्याच्या चौकटीचा. गण दोघांनीही म्हणायचा, कारण आरंभीची देवता दोघांचीही एकच.

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांकडे पाहिले म्हणजे या मोकळ्या देवघेवीची साक्ष पटते. होनाजी शिलारखाने रचना करी आणि बाळा करंजकर ती गाई. दोघांची नावे पुढे इतकी एकजीव झाली की ‘होनाजी बाळा’ ही एकच व्यक्ती असावी असा अनेकांचा समज होतो. त्यांचा समकालीन सगनभाऊ हा धर्माने मुसलमान आणि व्यवसायाने शिकलगार. जेजुरीशी नाते सांगणाऱ्या या शाहिराच्या लावण्या मराठी रसिकांनी होनाजीच्या लावण्यांच्या जोडीला बसविल्या. सोलापूरचा राम जोशी तमाशाच्या फडावर रमला आणि पुढे कीर्तनकार झाला; बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या. एक पंडित कवी, दुसरा फडावरचा. दोघांच्या प्रकृती भिन्न, पण एकाचे काव्य दुसऱ्याच्या कंठातून पसरले. विसाव्या शतकात रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी जातीचे सोवळे सोडून फड गाठला आणि पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) या नावाने ते अजरामर झाले. फड हे त्या काळच्या समाजातील असे एक ठिकाण होते, जेथे ब्राह्मण, महार, गवळी आणि मुसलमान हे एकाच कसोटीला उतरत. ती कसोटी होती उत्तर देता येण्याची. फडाबाहेर मात्र जातीच्या भिंती शाबूत होत्या, आणि नाचणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला प्रतिष्ठा आली नाही, हेही प्रांजळपणे नोंदविले पाहिजे.

यवतमाळच्या भूमीत विश्वनिर्मितीची आणखी एक परंपरा नांदते. पांढरकवडा, वणी, घाटंजी या भागांत गोंड व कोलाम समाजाची मोठी वस्ती आहे. गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान किंगरीच्या साथीने लिंगोची कथा सांगतात. गुहेत कोंडलेल्या गोंड देवांना सोडविणारा, त्यांना कुळे वाटून देणारा, शेती व विवाहाचे नियम घालून देणारा हा वीर. ते एक संपूर्ण विश्व आहे. त्याला स्वतःचा भूगोल आहे, स्वतःची वंशावळ आहे, स्वतःचा कायदा आहे. ही कथा प्रथम कागदावर उतरली ती एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या हातून. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी एका परधानाकडून हे गीत ऐकून टिपून ठेवले. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉप आपला धर्म सांगायला आले होते, यात संशय नाही. पण सांगण्यापूर्वी ते ऐकायला बसले. त्या ऐकण्यामुळेच एका समाजाचे अक्षरधन वाचले.

येथे आपल्या कॅथलिक इतिहासाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? हा प्रश्न म्हणजे एका अर्थाने फडावरचा सवालच आहे. आणि संपूर्ण ख्रिस्तपुराण हा त्याचा जवाब. स्टीफन्सनी प्रतिपक्षाचे शस्त्र, म्हणजे ओवी, प्रतिपक्षाची भाषा आणि त्याची पुराणशैली, इतक्या प्रेमाने आत्मसात केली की मराठी भाषेची थोरवी गाताना ते कोणाही देशी कवीच्या पंगतीला बसतात. ‘वैकुंठ’सारखे शब्द त्यांनी टाळले नाहीत, त्यांना नवा अर्थ दिला. त्यांच्यानंतर एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने १६२९ मध्ये संत पेत्रावर पुराण रचले. त्याचा सूर अधिक वादाचा आहे. हिंदू देवकथांचे खंडन करण्याकडे त्याचा ओढा आहे. गुरुबंधूंच्या या दोन ग्रंथांत एकाच ध्येयाच्या दोन वाटा दिसतात.

परंतु कलगी-तुऱ्याच्या शेजारी ठेवून हा इतिहास पाहिला म्हणजे मनाला एक गोष्ट बोचते. गोव्यातील त्या सामन्यात एकाच फडाला डफ होता. देवळे पाडली गेली होती, पोथ्या जप्त झाल्या होत्या. जुन्या मराठी कथांची रोमन लिपीत उतरविलेली काही हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ती मिशनऱ्यांच्या भाषाभ्यासासाठी तयार झाली. प्रतिपक्षाचे ग्रंथ आपण अभ्यासले, पण प्रतिपक्षाला उत्तर देण्यासाठी जागा ठेवली नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला, तेव्हा ज्या भाषेत ख्रिस्तपुराण लिहिले गेले तिच्यावरही घाव पडला. दुसऱ्याचा आवाज दाबणाऱ्याचा स्वतःचा आवाजही अखेर क्षीण होतो, याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही. स्टीफन्सची थोरवी यामुळे उणावत नाही. उलट अशा काळातही त्यांनी प्रतिपक्षाच्या वाणीचा मान राखला म्हणून ती वाढते.

युरोपातही कल्पित विश्वे निर्माण करणाऱ्या दोन लेखकांची अशीच एक जोडी होऊन गेली. जे. आर. आर. टॉल्किन आणि सी. एस. लुईस हे ऑक्सफर्डचे दोघे प्राध्यापक १९२६ मध्ये प्रथम भेटले. टॉल्किन निष्ठावंत कॅथलिक. लहानपणीच पोरके झाल्यावर फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केलेला. लुईस तेव्हा ख्रिस्तश्रद्धेपासून दूर होते. १९३१ च्या सप्टेंबरमधील एका रात्री टॉल्किन, लुईस व त्यांचे मित्र ह्यूगो डायसन मिथककथांविषयी बोलत फिरत राहिले. मिथकातही सत्याचा अंश असतो आणि ख्रिस्ताची कथा म्हणजे प्रत्यक्ष घडलेले मिथक होय, हा टॉल्किनचा विचार लुईसच्या अंतःकरणाला भिडला. थोड्याच दिवसांत ते ख्रिस्ताकडे वळले, पण अँग्लिकन पंथात. टॉल्किनला याची खंत राहिली.

पुढे या दोघांनी एक पैज लावली. आपल्याला आवडतील अशा कथा कोणी लिहीत नाही, तेव्हा त्या आपणच लिहू. लुईसने अवकाशप्रवासावर लिहावे, टॉल्किनने कालप्रवासावर. लुईसची कादंबरी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. टॉल्किनची अपुरीच राहिली, पण तिच्यातून समुद्रात बुडालेल्या न्यूमेनॉर बेटाची कल्पना बहरली. लुईसने ते नाव टॉल्किनच्या तोंडून ऐकले होते. आपल्या १९४५ च्या कादंबरीत ते त्याने थोड्या वेगळ्या वर्णांनी वापरले आणि प्रस्तावनेत ऋणही मान्य केले. ही तर आपल्या शाहिरांची नाममुद्राच! ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) लिहीत असताना टॉल्किन वारंवार खचत. तेव्हा प्रकरणामागून प्रकरण ऐकून घेणारा आणि आणखी मागणारा श्रोता लुईसच होता. हे ऋण न फिटणारे आहे असे टॉल्किननी पुढे म्हटले. लुईसच्या नार्नियाच्या कथा मात्र टॉल्किनना रुचल्या नाहीत, आणि ते त्यांनी लपविले नाही. उत्तरायुष्यात दोघांत अंतर पडले, तरी १९६३ मध्ये लुईस गेले तेव्हा टॉल्किनना तो घाव मुळावरच बसल्यासारखा वाटला.

याच लेखकांच्या छायेत पुढे अमेरिकेत भूमिका घेऊन खेळण्याच्या कल्पित खेळांचा जन्म झाला. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन याने ‘ब्लॅकमूर’ आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स याने ‘ग्रेहॉक’ नावाचे काल्पनिक प्रदेश उभारले. दोघांनी कल्पनांची देवघेव केली आणि १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. खेळाला कीर्ती व पैसा मिळू लागला, तसा श्रेय कोणाचे हा वाद उभा राहिला. १९७९ मध्ये आर्नेसनने न्यायालयात धाव घेतली. १९८१ मध्ये तडजोड झाली, पण जुनी जोडी तुटलीच. विश्वे दोघांनी मिळून रचली, नाममुद्रेचा नियम मात्र पाळला गेला नाही. चंदेरीच्या राजाने मुकुटातील दोन अलंकार दोघांना वाटून दिले, त्यामागचे शहाणपण येथे कळते.

आता पुन्हा यवतमाळकडे येऊ. या शहराने १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरविले होते. जानेवारी २०१९ मध्ये ब्याण्णवावे संमेलन पुन्हा येथे भरले, तेव्हा उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यांच्या विचारांना उत्तर देता आले असते. त्यांना बोलूच न देणे अनेकांना लाजिरवाणे वाटले. संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनीही आपली नापसंती स्पष्टपणे मांडली. अखेर उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते. यवतमाळ जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची ही पत्नी; ‘तेरवं’ या नाटकात अशाच विधवांसोबत त्यांनी भूमिकाही केली होती. झडतीतून जे दुःख वर्षानुवर्षे तोरणाखाली बोलले जात होते, ते त्या दिवशी व्यासपीठावर बोलले. पुढच्याच वर्षी उस्मानाबादेस (आताच्या धाराशिवात) संमेलनाध्यक्ष झाले आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक ख्रिस्ती धर्मगुरू या आसनावर कसा, असा विरोध झाला, धमक्याही आल्या. तरी फादर बोलले, आणि महाराष्ट्राने ऐकले. २०२४ मध्ये ते प्रभूच्या घरी गेले. या दोन संमेलनांच्या मध्ये एका वर्षाचे अंतर आहे. पण फडावरून प्रतिस्पर्ध्याला हाकलणे आणि त्याला गणात सामील करून घेणे, यांतील अंतर त्यांत दिसून येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे घोषित केले. हे घोषणापत्र आपण वाचतो, प्रवचनांतून उद्धृतही करतो. परंतु संवादासाठी लागणारे अवघड कष्ट, म्हणजे दुसऱ्याची पोथी त्याच्याइतकी जाणून घेणे, त्याचे ऋण नाव घेऊन मान्य करणे आणि आपला सवाल टाकल्यावर त्याच्या जवाबासाठी थांबणे, हे कष्ट आपल्यापैकी कितीजण घेतात? श्रद्धेच्या सत्याशी तडजोड न करताही हे करता येते. टॉल्किन लुईसपुढे कधी कमी कॅथलिक झाले नाहीत. स्टीफन्स ओवी लिहिताना कमी ख्रिस्ती झाले नाहीत.

शाहिरांचे फड आता विरळ झाले आहेत. भेदिकाचे कूट सोडविणारे श्रोतेही कमी झाले. ज्या गावांत अजून झडत्या म्हणणारे वृद्ध आहेत, तेथील आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे. हिस्लॉप परधानाजवळ बसले होते, तसे. त्या वहीत प्रत्येक झडतीखाली ती सांगणाऱ्याचे नाव लिहायला मात्र विसरू नये.